तिसऱ्या हाकेचा जबाब

१

दादाला गाडीखालून ओढून बाहेर काढले तेव्हा मी तिथे नव्हते. त्या दुपारी मी विद्यापीठात परीक्षेच्या दालनात पर्यवेक्षण करत होते आणि माझा फोन नियमाप्रमाणे बंद होता. तो खाली किती वेळ पडून होता, त्याने हाक मारली का, मारली असल्यास कोणाला, हे मला माहीत नाही. वहिनी वरच्या मजल्यावर होती; तिला काही ऐकू आले नाही. गाडी चार स्टँडांवर होती तशीच होती, दादाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मेंदूत गुठळी झाली असे डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या निदानावर शंका घ्यायला मला आजही कारण सापडलेले नाही.

या गोष्टीला दीड वर्ष होऊन गेले होते. दादा वरच्या खोलीत असे. डोळे उघडायचा, भरवले तर गिळायचा, बोलायचा मात्र नाही. सकाळचे सगळे माझ्याकडे होते: कुशीवर वळवणे, पाठ पुसणे, औषधांच्या वेळा वहीत लिहिणे. मी विद्यापीठात मापनशास्त्र शिकवते. नोंद ठेवल्याशिवाय मला एखादी गोष्ट घडली असे वाटत नाही. उरलेला दिवस वहिनीचा. तिने त्याच्यासाठी नोकरी सोडली होती आणि आता तीही त्याच्याइतकीच कमी बोलत असे.

एकच तक्रार ती नेमाने करायची. "ताई, अभ्रा बघा. परत."

उशीच्या अभ्र्यावर करड्या-काळ्या रंगाचा रुपयाएवढा डाग असायचा. मी सांगितले की हे डोक्याला लावायच्या मलमाचे असणार. आम्ही मलम बदलले. मग बंद केले. डाग पडतच राहिला. धुतल्यावर त्याची कड पिवळी राहायची आणि त्याला एक ओळखीचा वास यायचा, जो मी माझ्या थकव्याच्या खात्यात टाकून दिला. दीड वर्ष अपुरी झोप झालेल्या माणसाच्या नाकावर कोणत्याही प्रयोगशाळेने विश्वास ठेवू नये.

२

हिवाळ्यात दादाला न्यूमोनिया झाला. रुग्णवाहिकेच्या माणसांना वळणाच्या अरुंद जिन्यावरून त्याला खाली आणायला अठरा मिनिटे लागली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुढच्या वेळी ही अठरा मिनिटं तुमच्याकडे नसतील. त्यांना तळमजल्यावर हलवा."

तळमजल्यावर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गॅरेज. म्हणजे गॅरेजच. आणि गॅरेजमध्ये दादाची गाडी.

ती दोन आसनांची, बुटकी, लांब नाकाची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी स्पोर्ट्‌स कार होती. दादाने ती बंद अवस्थेतच घेतली होती. "हे म्हणायचे, पुढच्या रविवारी सुरू होते," वहिनी सांगायची. "बारा वर्षांत तो पुढचा रविवार काही उजाडला नाही."

गाडी न्यायला आलेल्या माणसाने बाहेरचा चढ पाहिला, वाकून गाडीचे नाक पाहिले आणि मान हलवली. स्टँडांवरून उतरवल्यावर इंजिनाच्या वजनाने पुढचा भाग इतका खाली बसला असता की तो चढावर घासून फाटला असता. इंजिन काढा, नाक आपोआप वर येईल, मग नेतो, असे म्हणून तो गेला.

मी फोरमनला बोलावले. बसगाड्यांच्या कार्यशाळेत तीस वर्षे काढून तो निवृत्त झाला होता. दादाचा रविवारचा सोबती. वय सत्तर, डावा कान पूर्ण गेलेला, उजवा अर्धा. येताना त्याने स्वतःची साखळीची पुली आणली आणि छताच्या लोखंडी तुळईला लटकावली.

चार दिवस आम्ही एकेक वस्तू सोडवत होतो. बॉनेट, रेडिएटर, नळ्या, तारा. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर क्रमांक. फोरमनला माझ्या चिठ्ठ्यांची गंमत वाटे.

"प्रोफेसरबाई, पाना पकडा. पकडा म्हणजे पकडा, त्याच्याशी ओळख करून घेऊ नका."

"हा चौदाचा आहे. तुम्ही तेराचा मागितलात."

"मग ओळख झालीच म्हणायची."

इंजिनाच्या तळातून काळे तेल ठिबकत होते. मोठा टोप लावून आम्ही होते तेवढे काढून घेतले, तरी थेंब थांबेनात. जुनी गळती आहे, फोरमन म्हणाला. दीड वर्ष अशीच चालू असणार.

३

साखळी ओढण्याआधी त्याने मला कार्यशाळेतला नियम सांगितला. तिथे एका बसखाली चार-चार माणसे असत, आवाज इतका की शेजारच्याचे बोलणे कळू नये. म्हणून साखळीवरच्या माणसाने तीनदा विचारायचे: खाली कोणी आहे? खाली असलेल्याने "आहे" म्हणायचे. मग तो बाहेर येईपर्यंत साखळीला हात लावायचा नाही. बाहेर येताना त्याने स्वतःच्या तोंडाने "मोकळं" म्हणायचे. त्याच्या वतीने दुसऱ्याने म्हणायचे नाही. तिन्ही हाकांना शांतता असेल तर खाली कोणी नाही असे समजून ओढायचे.

"पण इथे आपण दोघंच आहोत," मी म्हणाले. "आणि दोघंही वर."

"असू दे. तोंडाची सवय मोडायची नाही. फक्त एक करा. मला ऐकू येत नाही, तर कान तुम्ही व्हा."

मी वाकून गाडीखाली पाहिले. खाली कोणी नव्हते. दादाची फळी होती, चार छोट्या चाकांची, जिच्यावर उताणे पडून तो आत सरकत असे. ती कोणी बाहेर काढलेलीच नव्हती.

"खाली कोणी आहे?" फोरमन ओरडला.

थेंब पडल्याचा आवाज.

"खाली कोणी आहे?"

बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल गेली.

"खाली कोणी आहे?"

"आहे."

आवाज मोठा नव्हता. गाडीच्या पोटाखालून, चाकांच्या मधल्या जागेतून, साधारण जमिनीच्या पातळीवरून आला. फोरमन माझ्याकडे पाहत होता, साखळी हातात.

"काय? आला जबाब?"

मी विद्यार्थ्यांना शिकवते की दहा वाचने जुळत असतील आणि अकरावे अशक्य असेल, तर दोष वस्तूत नसतो, उपकरणात असतो. ते वाचन गाळावे. मी नुकतेच खाली डोळ्यांनी पाहिले होते. तिथे कोणी नव्हते. उपकरण म्हणजे माझा कान, दीड वर्षाचा थकलेला.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

फोरमनने साखळी ओढली. इंजिन कुरकुरले आणि आपल्या बैठकीवरून चार बोटे वर सुटले. त्याच क्षणी वरून वहिनीची किंकाळी आली.

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. दादाने पलंगाची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली होती. दीड वर्ष ज्या बोटांना मी रोज उघडमीट करायला लावत होते, ती बोटे पांढरी पडेपर्यंत आवळली होती आणि त्याच्या घशातून, बंद ओठांआडून, एक लांब आवाज येत होता. वहिनी एकेक बोट सोडवायला बघत होती. "काय केलंत तुम्ही खाली? ताई, काय केलंत?"

मी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, "खाली घ्या! फोरमन, खाली घ्या!" हे मात्र त्याला ऐकू गेले. इंजिन बैठकीवर टेकल्याचा धप्प आवाज आला. वहिनी म्हणते, बोटे तेव्हाच सुटली. तिच्याजवळ घड्याळ नव्हते.

४

दुसऱ्या दिवशी व्याख्यान संपवून मी भर दुपारी घरी आले, जुने कपडे घातले आणि विजेरी घेऊन गाडीखाली शिरले. फळीवर नाही, ती आहे तिथे राहू दिली आणि तिच्या शेजारी फरशीवर आडवी झाले. प्रतिध्वनी येऊ शकेल अशी पोकळ नळी, सैल पत्रा, काहीतरी सापडेल अशी माझी अपेक्षा होती.

सापडली ती फळी. तिच्याभोवतीची फरशी दीड वर्षाच्या तेलाने आणि धुळीने काळी चिकट झाली होती. फळी स्वच्छ होती. पुसल्यासारखी नाही, तिच्यावर काही पडलेच नव्हते. तिच्या वरच्या टोकाला दादाने डोक्याखाली घ्यायला ठोकलेला कातड्याचा तुकडा होता, त्याच्या मधोमध एक खळगा होता, आणि नेमका त्याच्या वर तो बोल्ट होता ज्यातून तेल गळत होते.

मी घड्याळ लावले. दर चाळीस सेकंदांनी एक थेंब. कधी तो बोल्टापासून फुटभर लांब फरशीवर पडायचा, कधी पत्र्याच्या कडेने वाहत जाऊन पलीकडे. बहुतेक सरळ खाली सुटायचे, आणि ते मला नीट दिसत नव्हते, कारण माझी मान अवघडली होती. म्हणून मी विजेरी फरशीला टेकवून तिचा उजेड आडवा टाकला.

चौदावा थेंब सरळ खाली आला. फळीपासून वीतभर उंचीवर तो थांबला. चपटा झाला, आणि मग सावकाश, कशाच्या तरी गोलाईवरून जावे तसा, डावीकडे ओघळला. ओघळून संपला. फळीवर पोचला नाही.

मी बाहेर आले. किती वेगाने, ते मोजलेले नाही.

वर वहिनी अभ्रा बदलत होती. डाग ओला होता. डाग नेहमी डाव्या बाजूलाच असतो, असे ती म्हणाली. मी तिला हे आजवर कधी विचारलेच नव्हते. या वेळी मी अभ्रा नाकाशी नेला आणि त्या वासाला त्याच्या नावाने ओळखले.

५

स्वयंपाकघरात चहा घेताना मी दोघांना सांगितले. थेंबाचे आधी आणि जबाबाचे नंतर, कारण दुसऱ्या गोष्टीची मला लाज वाटत होती.

फोरमनने कप खाली ठेवला. तो घाबरला नव्हता. त्याचा अपमान झाला होता.

"जबाब आला होता आणि तुम्ही नाही म्हणालात?"

"खाली कोणी नव्हतं. मी पाहिलं होतं."

"मी पाहायला सांगितलं नव्हतं, बाई. ऐकायला सांगितलं होतं. तीस वर्षांत माझ्या साखळीखाली एक बोट चिरडलं नाही कुणाचं. तुम्ही माझ्याकडून काय करून घेत होतात?"

वहिनी बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"आवाज कसा होता?" तिने विचारले.

"साधा. जरा वैतागलेला. जेवायला तिसऱ्यांदा बोलावल्यावर देतो तसा."

वहिनी हसली. दीड वर्षात मी तिला हसताना पाहिले नव्हते, आणि ते हसू कोठे संपून रडणे सुरू झाले ते सांगता येणार नाही. "तिसऱ्या हाकेशिवाय कधी ओ दिलीय का त्यांनी? एवढी शिकलेली माणसं आपण, वन्सं. दीड वर्षात कुणी खाली जाऊन तीनदा विचारलं नाही." रागावली की ती मला वन्सं म्हणते.

"आता काय करायचं?" मी फोरमनला विचारले.

"करायचं काय? ते मोकळं म्हणेपर्यंत साखळी ओढायची नाही. विचारत राहायचं."

त्यानंतर मी जे सुचवले त्याची जबाबदारी माझी आहे. एक आवाज, दोन संभाव्य उगम. मी म्हणाले, दोन्ही उगम एकाच वेळी एकाच खोलीत नजरेसमोर हवेत. दादाला खाली आणू. गाडीशेजारी खुर्चीत बसवू आणि मग विचारू. वहिनीला ते पटले, पण वेगळ्या कारणाने. "बरोबर आहे," ती म्हणाली. "त्यांना बाहेर आल्यावर हे समोरच दिसायला हवेत."

६

रविवार होता. सकाळचे साडेदहा. वहिनीने दादाची दाढी केली, त्याला निळा सदरा घातला. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. फोरमनने आणि शेजारच्या दंतवैद्याने त्याला खुर्चीसकट खाली आणले. दंतवैद्य "काही लागलं तर हाक मारा" म्हणून गेला. गॅरेजमधून घरात जाणारे दार आम्ही उघडे ठेवले. तिथून जिन्याची पहिली पायरी दिसते.

मी दादाच्या शेजारी गुडघ्यांवर बसले, डावा तळवा त्याच्या गळ्यावर ठेवला, नजर त्याच्या ओठांवर. वहिनी गाडीसमोर फरशीवर पालथी पडून खाली पाहत होती. फोरमन साखळीपाशी.

"खाली कोणी आहे?"

तळव्याखाली नाडी. दर मिनिटाला बहात्तर.

"खाली कोणी आहे?"

दादाने पापणी मिटली आणि उघडली.

"खाली कोणी आहे?"

काही नाही. मी श्वास सोडला. फोरमनने माझ्याकडे पाहिले. मी या वेळी नाही म्हणाले नाही, थांबा अशी खूण केली. मग गाडीखालून, स्पष्ट, थकलेल्या आवाजात शब्द आला.

"मोकळं."

माझा तळवा गळ्यावर होता. गळा हलला नाही.

"सरका," वहिनी म्हणाली. ती झटकन उठून मागे सरली होती. "सरका ना, ताई! वाट द्या त्यांना!"

फळी बाहेर आली. रिकामी, चाकांचा बारीक खरखर आवाज करत, पुढच्या दोन चाकांच्या मधून. पाणी वाहून जावे म्हणून त्या फरशीला रस्त्याच्या दिशेने उतार आहे. मी नंतर मोजला, मीटरला दीड सेंटिमीटर. फळी उताराच्या उलट दिशेने आली. दादाच्या पायांशी येऊन ती थांबली. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. मला वाटते आम्ही तिघेही तेव्हा एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. किती सेकंद, याची नोंद नाही.

मग फळी वळसा घेऊन त्याच्या बोटांपासून हातभर अंतरावरून पुढे गेली आणि उंबऱ्याला आपटून थांबली. उंबऱ्यापलीकडे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, काहीतरी टेकल्यासारखे लाकूड वाजले. ते लाकूड दिवसातून अनेकदा आपणहून वाजते.

फोरमनला हे काही ऐकू आले नसावे. त्याने फक्त फळी पाहिली होती आणि डोक्यावरची टोपी काढली होती. "मोकळं म्हणाले ना?" त्याने मला विचारले.

"म्हणाले," मी म्हणाले.

त्याने साखळी ओढली. इंजिन अलगद वर आले, कोठे अडले नाही. गाडीचे नाक वर उचलले गेले. दादा शांत बसून होता. त्याचे हात मांडीवर होते तिथेच राहिले.

७

गाडी गेली. इंजिनही गेले. फरशी आम्ही तीनदा घासली, भिंतींना रंग दिला, दादासाठी तिथे दुसरा पलंग लावला. त्याला दोन महिने झाले. छाती स्वच्छ आहे असे डॉक्टर म्हणतात. अभ्रे स्वच्छ निघतात. पहिल्या आठवड्यात मला हे सुधारण्याचे लक्षण वाटले.

पण दादा आता पापणीही क्वचित हलवतो. बोटांचा व्यायाम देताना मला पूर्वी किंचित विरोध जाणवायचा. तो जाणवत नाही. गेल्या आठवड्यात मी त्याच्या उशाशी वाकून तीनदा विचारले, दादा, आहेस का? तिन्ही वेळा शांतता होती. शांततेचा अर्थ काय घ्यायचा हे फोरमनने मला शिकवलेले आहे.

काल दुपारी वहिनी वरच्या खोलीतून खाली आली आणि माझ्याशेजारी जिन्याच्या पायरीवर बसली. तिच्या हातात घडी केलेला अभ्रा होता.

"त्या दिवशी ते यांच्यासमोर थांबले होते, ताई. मी बघत होते. त्यांनी ओळखलं नाही."

"वहिनी."

"कसं ओळखणार? केस पांढरे, गाल बसलेले. वीस किलो उतरलेत. दीड वर्षात आपण एकदा तरी आरसा दाखवला का यांना? मीच काढून ठेवला होता, त्रास होईल म्हणून." तिने अभ्रा उलगडला नाही. "त्यांना वाटलं असेल, हा कुणी म्हातारा पाहुणा बसलाय. आपण स्वतः वर आहोत. म्हणून वर गेले."

मी तिला सांगायला हवे होते की हा निष्कर्ष उपलब्ध नोंदींवरून निघत नाही. "मग उद्या दादाला वर नेऊ," मी म्हणाले. "फोरमनला बोलावते."

"आणि आपण यांना घेऊन जिन्यात असताना ते खाली शोधायला निघाले तर? एवढासा जिना. परत बाजूने निघून जातील."

आम्ही दोघी भिंतीला टेकून बसून राहिलो, पायरीच्या एका कडेला, दुसरी कड मोकळी सोडून. केव्हापासून आम्ही अशा बसायला लागलो ते मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने मी तिच्या हातातून अभ्रा घेतला आणि उघडला. तो वरच्या पलंगावरचा होता. दादाला खाली हलवले त्या दिवशी मी स्वतः तो धुतलेला घातला होता आणि खोलीला कुलूप लावले होते. किल्ली तेव्हापासून माझ्याकडेच होती, काल सकाळी खिडक्या उघडायला म्हणून वहिनीने मागून घेतली.

डाग डाव्या बाजूला आहे. तो ओला होता.